मस्टर

किल्ली शिपाई हुडेमामांकडं, मस्टर कपाटात.
कपाटात आणखी नऊ बॉल, त्यातल्या तिघांतच हवा,
आतली गोळी हरवलेली एक शिट्टी,
आणि दापके सरांच्या तिरक्या अक्षरात अकरा पोरी.
प्रत्येक नावापुढं उंची, सेंटिमीटरमध्ये.
बाकी काही नाही.
पहिलंच नाव महानंदा बिरादार, एकशे ब्याऐंशी,
खाली लाल रेघ.
सर पुण्याच्या अकॅडमीत गेले
आणि जाताना लाल रेघेवरचं तेवढं घेऊन गेले.

उरल्या दहा. पहिल्या संध्याकाळी आल्या सहा.
म्हटलं, खेळा, मी नुसती बघते.
दर तिसऱ्या पासाला बॉल डाव्या कोपऱ्यात जायचा
जिथं कुणीच नव्हतं,
गडगडत बाभळीखाली, सायकलींच्या चाकांत.
कुणी हसायचं नाही. कुणीतरी जाऊन आणायचं.
"तिकडं कोण हाय गं?"
"महानंदा असायची, मॅडम."
"आणि आता?"
"आता नाही. पर हात तिकडंच जातो."

दुसऱ्या आठवड्यात कळलं, पोलही कललाय.
उन्हात भेगाळणारी, पावसात फुगणारी ही काळी माती
सिमेंटला जुमानत नाही.
रिंग डावीकडं दोन बोटं खाली.
म्हणजे सरांनी तिला तिथं उगाच नव्हतं उभं केलं.
त्या दिवशी माझा सरांवरचा राग थोडा वेळ थांबला.
मग आठवलं, उदगीरच्या बाहेर ह्या कधीच का जिंकल्या नाहीत ते.
राग परत आला.

शिवकांता बॉल धरते वासरू धरल्यासारखी, दोन्ही हातांनी, पोटाशी.
सोडच म्हणावं तर तिला वाईट वाटतं.
प्रज्ञा रिंगकडं बघायच्या आधीच "सॉरी मॅडम" म्हणते.
रत्नमाला खो-खोतून आलेली, पाठीला हात लावून पळते
आणि फाउल कसा काय, म्हणून भांडते.
सुमय्या पठाण, एकशे एकोणपन्नास,
तीन वर्षं टेबलाशी बसून स्कोअर लिहिणारी.
तिला सगळ्यांचं सगळं पाठ,
कोण कधी दमतं, कोण कुठल्या पायावर वळतं,
फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी मंडपवाल्याची एक निळी खुर्ची आणून
डाव्या कोपऱ्यात ठेवली.
म्हटलं, खुर्चीला पास देणारीनं पाच चकरा मारायच्या.
आठवडाभर मैदानाला नुसत्या चकरा.
खुर्चीला मात्र बॉल रोज मिळत राहिला.
शनिवारी सुमय्यानं पेन कानामागं खोचलं,
खुर्ची उचलून बाभळीखाली नेऊन ठेवली.
"मॅडम, बॉल तर येणारच हाय इकडं.
मग मीच थांबते की."

मी खूप पुस्तकं वाचली आहेत.
नांदेडला गुडघा जायच्या आधी खूप खेळलेही आहे.
हे मला सुचलं नव्हतं.

नांदेडला अकरा गुणांनी हरलो.
समोरच्या पोरींनी सुमय्याकडं बघितलंसुद्धा नाही,
एवढी बुटकी कोण धरून बसतं!
बॉल डावीकडं गेला, पुन्हा गेला, सातदा गेला.
तिथली रिंग सरळ होती.
चार चुकले. तीन आत.
तिसऱ्याला शिवकांतानं सवयीनं बाभळीकडं बघितलं,
आणायला कोण जाणार म्हणून.
तिथं बाभळ नव्हती.

परतताना जळकोटला चहाला थांबलो.
महानंदाचा व्हिडिओ कॉल आला,
मागं चकचकीत लाकडी कोर्ट, डोळे सुजलेले.
"खेळवत नाहीत अजून. बसवूनच ठेवलंय.
इथं मी बुटक्यात मोडते गं."
फोनभोवती दहा डोकी, क्षणभर सगळी गप्प.
मग सुमय्यानं चहा खाली ठेवला,
हातात माझं मस्टर घेतलं, पहिल्या पानावरची उंची वाचली,
एकदा स्वतःची वाचली,
आणि इतकी हसली
की हॉटेलवाला बाहेर येऊन बघायला लागला,
आणि पुण्यात तीही.